मर्सी थॉम्पसन, एक मोडकी रॅबिट आणि ‘तुझ्या काळजीपोटी’

चाकणच्या एका कारखान्यात आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर बसवण्याचं काम सुरू होतं, तेव्हाची गोष्ट. सकाळी साडेसहाला चिंचवडहून कंपनीची बस निघायची. मोशी मागे पडली की पुढचा प्रवास ट्रेलर आणि कंटेनरच्या मागे रांगत. चाकणचा चौक पार व्हायला कधी दहा मिनिटं लागायची, कधी पाऊण तास. त्या वेळात मी फोनवर पुस्तकं वाचायचे. टीममधल्या मैत्रिणीने एक दिवस एका पुस्तकाचं नाव पाठवलं आणि खाली एवढंच लिहिलं, ‘वाच. हिरॉइन फोक्सवॅगन दुरुस्त करते.’

२००९ साली चाकणमध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. वर्गातल्या निम्म्या पोरांचे वडील, काका नाहीतर मामा कुठल्या ना कुठल्या गाडीच्या कारखान्यात, किंवा त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये होते. गिअरबॉक्स आणि ओव्हरटाइम ही आमच्याकडची जेवताना बोलायची भाषा. पण गाडीखाली आडवी झालेली, कोपरापर्यंत काळं ऑइल लागलेली बाई मी कुठल्याही कथेत पाहिली नव्हती. म्हणून वाचायला घेतलं. पॅट्रिशिया ब्रिग्ज यांचं ‘मून कॉल्ड’, २००६ सालचं. पुढचे काही महिने चाकणचा चौक मला खुपला नाही.

या मालिकेबद्दल लिहायचं दोन वर्षं मनात आहे. लिहिलं नाही, कारण ज्या जागी ही पुस्तकं मला लागली ती जागा दाखवल्याशिवाय त्यांच्याबद्दल बोलणं खोटं वाटत होतं. आता दाखवते.

गॅरेज, कळप आणि तीन गावं

ज्यांनी हा प्रकार वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘अर्बन फँटसी’ म्हणजे भुतं, वेताळ, चेटूक हे सगळं जुन्या वाड्यातून उचलून आजच्या शहरात आणून ठेवायचं. तिथे ट्रॅफिक असतं, भाडं थकतं, पोलीस येतात, आणि शेजारी माणसाचा लांडगा होतो. लॉरेल के. हॅमिल्टन यांची अनिता ब्लेक १९९३ मध्ये आली. सेंट लुइस शहरात ती पोटासाठी मेलेल्यांना उठवते आणि कायद्याने ठरवून दिलेल्या व्हॅम्पायरना मारते. १९९७ मध्ये टीव्हीवर बफी आली. २००७ मध्ये इलोना अँड्र्यूजची केट डॅनियल्स अटलांटात तलवार घेऊन फिरू लागली. या सगळ्या जणींना वर्णनात ‘स्ट्राँग’ म्हणतात, आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा मारामारी येते एवढाच असतो.

मर्सिडीज थॉम्पसन, म्हणजे मर्सी, या रांगेत जरा अवघडून उभी आहे. तिची शक्ती काय, तर तिला कायोटी होता येतं. कायोटी हा अमेरिकेतला आपल्या कोल्ह्याच्या जातकुळीचा प्राणी. तिच्या आसपासचे लांडगे तिच्या कितीतरी पट जड, ताकदवान आणि दीर्घायुषी. ती लहानाची मोठी झाली मोंटानातल्या अशाच लांडगा-माणसांच्या वस्तीत, पण त्यांच्यातली कधीच नव्हती. ती इतिहासाची पदवी घेते आणि गॅरेज चालवते. गॅरेज आधी ‘झी’ नावाच्या म्हाताऱ्याचं असतं. तो माणूस नाहीच, लोखंड ज्याला वश आहे असा एक जुना यक्ष म्हणा. कोल्हा आपल्याकडच्या गोष्टींमध्येही ताकदीने जिंकत नाही. मर्सीही नाही. ती वेळ काढते, वास घेते, थापा मारते, पळते.

आणि गाव. मर्सी राहते वॉशिंग्टन राज्यातल्या ट्राय-सिटीजमध्ये. केनेविक, रिचलंड आणि पास्को अशी नदीकाठी एकमेकांत मिसळलेली तीन गावं. शेजारी हॅनफर्डचा सरकारी अणुप्रकल्प, जिथलं प्लुटोनियम नागासाकीवरच्या बॉम्बमध्ये होतं. त्या प्रकल्पाने त्या गावांचं नशीब बदललं. मला हे वाचताना घरच आठवलं. पिंपरी, चिंचवड, भोसरी. १९५४ साली स्थापन झालेली सरकारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, मग एमआयडीसी, मग गाड्यांचे कारखाने, मग आम्ही. तिकडे प्लुटोनियम, इकडे पेनिसिलिन, एवढा फरक. अशा गावांना पर्यटक येत नाहीत आणि कादंबऱ्याही फारशा मिळत नाहीत. इथल्या लोकांना मात्र माहीत असतं की शेजाऱ्याची शिफ्ट कुठली, आणि तो घरी कधी नसतो.

दोन पुरुष, दोन हिशेब

पहिल्या पुस्तकातच मर्सीपुढे दोन पुरुष आहेत. सॅम्युएल हा तिचं पहिलं प्रेम, अनेक शतकं जगलेला लांडगा, पेशाने डॉक्टर. अ‍ॅडम हा शेजारी, गावातल्या कळपाचा प्रमुख, व्हिएतनाम युद्धातला सैनिक, घटस्फोटित, एका मुलीचा बाप. प्रेमत्रिकोण म्हणून वाचलं तर हे नेहमीचंच आहे. ब्रिग्ज मात्र दोघांच्याही बाबतीत एकच गोष्ट तपासायला घेतात. ह्याने तिला काय सांगितलं, आणि काय सांगितलं नाही?

मर्सी सोळा वर्षांची असताना सॅम्युएल तिच्याशी लग्न करायला निघालेला असतो. तिला वाटतं प्रेम. प्रत्यक्षात लांडग्यांच्या बायकांना मुलं होत नाहीत, माणूस बायकांची अनेकदा जगत नाहीत, आणि मर्सी दोन्हीपैकी नसल्यामुळे तिची मुलं जगतील असा त्याचा हिशेब असतो. तिला हे सांगतो त्याचा बाप ब्रॅन. ती घर सोडून आईकडे निघून जाते. पुढे सॅम्युएल परत येतो तेव्हा कळतं की त्याचं तिच्यावर प्रेमही होतं. हिशेब आणि प्रेम एकाच माणसात एकाच वेळी नांदू शकतात. आमच्याकडे चहा-पोह्यांच्या कार्यक्रमाला बसलेल्या कुठल्याही मुलीला हे समजावून सांगावं लागणार नाही. मर्सीला खुपतो तो हिशेब लपवण्याचा भाग.

अ‍ॅडमचं प्रकरण अधिक अवघड आहे. त्याने आपल्या कळपासमोर मर्सीला आपली जोडीदार म्हणून जाहीर करून टाकलेलं असतं, तिला न विचारता, न सांगता. कारण शुद्ध व्यवहारी आहे. कायोटी आणि लांडगे यांचं वैर. ‘माझी’ म्हटल्यावर कळपातला कुणी तिला हात लावणार नाही. आणि खरोखरच कुणी लावत नाही. मर्सीला हे कळतं तेव्हा ती संतापते. संतापाला उत्तर म्हणून अ‍ॅडमकडे एक बिनतोड गोष्ट असते, ती म्हणजे ती जिवंत आहे.

इथे एका गाडीबद्दल सांगायला हवं. मर्सीच्या घरामागे एक मोडकी फोक्सवॅगन रॅबिट उभी आहे. रॅबिट म्हणजे पहिल्या गोल्फचं अमेरिकेतलं नाव. सुट्या भागांसाठी ठेवलेली ही गाडी अ‍ॅडमच्या खिडकीतून स्पष्ट दिसते. अ‍ॅडम टापटिपीचा माणूस. त्याने हुकूम सोडला, परस्पर काही ठरवलं, की मर्सी पाना घेऊन जाते आणि त्या गाडीचा आणखी एखादा भाग काढते. एक चाक. मग दुसरं. गाडी अधिकाधिक विद्रूप होत जाते, आणि तो रोज सकाळी ती बघतो.

वाचताना हा विनोद वाटतो. त्याचं मोल मला कळलं ते स्टेफनी मायर यांचं ‘इक्लिप्स’ आठवल्यावर. ‘ट्वायलाइट’ मालिकेतलं ते तिसरं पुस्तक २००७ सालचं, म्हणजे याच काळातलं. कॉलेजात आमच्या होस्टेलवर ते फाटेपर्यंत फिरलं होतं. त्यात बेला जेकबला भेटायला निघते. जेकब लांडगा, म्हणजे धोका. म्हणून एडवर्ड तिच्या ट्रकच्या इंजिनचा एक भाग काढून ठेवतो. गाडी सुरूच होत नाही. काळजीपोटी. बेला चिडते, पण पुस्तक फारसं चिडत नाही.

दोन्हीकडे गाडीचा भाग काढला जातो. एकीकडे पुरुष बाईच्या गाडीचा भाग काढतो आणि तिचं जाणं बंद होतं. दुसरीकडे बाई स्वतःच्याच गाडीचा भाग काढते आणि पुरुषाची झोप उडते. बेला घराबाहेर पडू शकत नाही. अ‍ॅडम खिडकीबाहेर बघायचं टाळू शकत नाही. नायिका ‘स्ट्राँग’ आहे की नाही हे मला तिच्या मारामारीपेक्षा या दोन गाड्यांवरून जास्त कळतं.

माझी पंधरा दिवसांची झोप

आता ती जागा.

कारखान्यात नवी यंत्रणा चालू करायचं काम, ज्याला आम्ही कमिशनिंग म्हणतो, ते रात्रीच चालतं, कारण दिवसा लाइन थांबवता येत नाही. त्या प्रोजेक्टमध्ये लाइनवरचा प्रत्येक भाग कुठे आहे याची नोंद ठेवणारा भाग मी अडीच महिने खपून लिहिला होता. कमिशनिंगच्या पंधरा रात्रींच्या यादीत माझं नाव होतं. आदल्या दिवशी वरिष्ठ म्हणाले, ‘तू ऑफिसमधूनच सपोर्ट दे, साइटवर दुसऱ्याला पाठवतो.’ कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

दीड महिन्याने एका हळदीच्या कार्यक्रमात, चार लोकांत, माझ्या होणाऱ्या नवऱ्याने हसत हसत सांगितलं की ते त्याने करवून घेतलं होतं. माझे वरिष्ठ त्याच्या कॉलेजचे. ‘मीच बोललो होतो सरांशी. रात्री-अपरात्री त्या रस्त्याने... तुझ्या काळजीपोटी गं.’ आजूबाजूच्या बायकांच्या चेहऱ्यावर कौतुक. घरी आल्यावर आई म्हणाली, ‘एवढी काळजी करणारा मिळतो कुठे?’

त्याची काळजी खोटी नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं. मध्यरात्री त्या रस्त्याचे काही पट्टे बघितले आहेत मी. आणि ही काळजी त्याने एकट्याने शोधलेली नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यातच लिहिलं होतं की बाईला कारखान्यात काम द्यायचं ते सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच. अलीकडे महाराष्ट्रात अटी घालून रात्रपाळीला परवानगी आहे. पण संध्याकाळी सातनंतर बाई लाइनवर नको, हा विचार कायद्यातून काढला तरी माणसांतून लगेच निघत नाही.

आणि जे मी कुणाला सांगितलं नव्हतं ते हे. मला बरं वाटलं होतं. नाव यादीतून गेलं त्या रात्री मी स्वतःच्या पलंगावर झोपले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. पंधरा रात्री छान झोपले. साइटवर माझ्याच कोडमध्ये अडचण आली, ती दुसऱ्याने सोडवली, अहवालात त्याचं नाव आलं, तेव्हा थोडं वाईट वाटलं, तेही विसरले. मग त्या हळदीत कळलं की ती सुटका माझी नव्हती. कुणीतरी फॉर्ममधल्या चौकोनात माझ्या वतीने आधीच टिक करून ठेवली होती, आणि मी फॉर्म न वाचता पुढे गेले होते.

लग्न पाच महिन्यांनी मोडलं. कारणं अनेक होती, हे त्यातलं एक. पण बाकीची मला आता आठवावी लागतात.

मर्सीच्या रागाला मी म्हणून दाद देते. तो राग सोपा नाही. ज्याने नुकसान केलं त्याच्यावर चिडणं सोपं. ज्याने भलं केलं, न विचारता केलं, आणि ते भलं तुम्ही आधीच उपभोगून बसला आहात, त्याच्यावर चिडायला शब्दही धड सापडत नाहीत. मर्सी अ‍ॅडमला सोडून जात नाही. त्याला माफही करून टाकत नाही. ती खुन्नस जिवंत ठेवते, रोज दिसेल अशा जागी उभी करते, आणि त्याच्याशी बोलत राहते. माझ्याकडे तशी रॅबिट नव्हती. माझ्याकडे लग्न करणं आणि लग्न मोडणं एवढे दोनच पाने होते, आणि दोन्ही मोठे.

आपल्याकडची हडळ

आपल्या भुतांच्या गोष्टींत बाईला शक्ती मिळते, पण मेल्यावर. बाळंतपणात किंवा इच्छा अपुरी राहून गेलेली बाई हडळ होते, जखीण होते. जिवंतपणी जिला कुणी विचारलं नाही तिला सगळा गाव घाबरतो. जिवंत बाईकडे शक्ती आली तर तिला चेटकीण म्हणतात, आणि त्या शब्दापायी खऱ्या बायकांचे काय हाल झाले हे सांगायला नको. मी वाचलेल्या नारायण धारपांच्या गोष्टींत अमानवी संकट आलं की ‘समर्थ’ येतात. मध्यमवर्गीय घर वाचतं. दिवाळीच्या सुट्टीत मी ते पांघरुणात शिरून वाचलं आहे, आणि अजूनही वाचते. पण घरातली बाई तिथे बहुधा वाचवली जाणारी असते.

२०२४ च्या जूनमध्ये आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ आला. कोकणातलं भूत पुण्यात येतं, म्हणजे अगदी आपली अर्बन फँटसी. मी मैत्रिणींबरोबर बघितला, खूप हसले. मुंज्याचा हट्ट बेलाशी लग्न करायचा, बिट्टूचा हट्ट तिला वाचवायचा. दोन हट्टांच्या मधल्या बेलाला नेमकं काय हवंय, यात चित्रपटाला फार रस नाही.

लोककथा याहून धीट आहेत. खेड तालुक्यातल्या निमगावचा खंडोबा चाकणहून लांब नाही. धनगराच्या वाड्यावर वेश पालटून राबणारा देव आणि त्याची बाणाई, घरी बसलेली म्हाळसा. जागरणातल्या गाण्यांत या दोन सवती अशा भांडतात की देवाला तोंड लपवावं. तिथे बायकांना निदान जीभ आहे. पण देव बाणाईला मिळवतो तो रूप बदलूनच.

रूप बदलून येणारा प्रियकर आपल्याकडे फिरून फिरून येतो. गिरीश कार्नाडांच्या ‘नागमंडल’मध्ये (१९८८) नाग नवऱ्याच्या रूपात राणीकडे येतो आणि ती त्याला नवराच समजते. विजयदान देथा यांच्या ‘दुविधा’ या राजस्थानी कथेतलं भूतही नवऱ्याचं रूप घेऊन येतं, पण तिला फसवणं त्याच्याने होत नाही. तो खरं सांगतो. मी तुझा नवरा नाही, आता तू ठरव. अमोल पालेकरांनी २००५ साली या कथेवर ‘पहेली’ केला. ती ‘हो’ म्हणते. गोष्ट तिथे संपत नाही, खरा नवरा परत येतो. देथांकडे भूत कातडी पिशवीत बंद होऊन नदीत जातं आणि बाई नवऱ्याबरोबर उरते. पालेकरांकडे भूत नवऱ्याच्या शरीरात शिरून परत येतं. ‘पहेली’चा शेवट गोड आहे. पण परत आलेलं भूत ज्याचं शरीर वापरतं त्या माणसाला कुणी विचारलं, हा प्रश्न मला आता पडतो. मर्सी वाचण्याआधी पडला नसता.

आवाज कुणाचा

मालिकेतलं तिसरं पुस्तक ‘आयर्न किस्ड’ (२००८) हाच प्रश्न घेऊन भयंकर जागी जातं. झीवर खुनाचा आळ आलेला असतो आणि मर्सी त्याला सोडवायला शोध घेत असते. त्यात एका माणसाच्या हाती एक जादूचा पेला लागतो. त्यातून प्यायलं की पाजणाऱ्याची इच्छा हीच आपली इच्छा वाटू लागते. तो मर्सीला पाजतो आणि तिच्यावर बलात्कार करतो. ती त्याला स्वतःच्या हाताने मारते. हा माणूस लांडगा नाही, व्हॅम्पायर नाही. साधा माणूस आहे.

नायिकेला कणखर ठरवण्यासाठी तिच्यावर अत्याचार दाखवायचा, ही या साहित्यातली जुनी खोड आहे. ब्रिग्ज त्या आरोपातून पूर्ण सुटतात असं मला वाटत नाही. पण दोन गोष्टी त्यांच्या बाजूने आहेत. एक, पुढच्या ‘बोन क्रॉस्ड’मध्ये (२००९) मर्सी बरी झालेली नसते. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्या स्पर्शानेही तिचा श्वास अडकतो, आणि पुस्तक घाई करत नाही. दोन, तो पेला. तिच्या आठवणीत तिने विरोध केलेला नाही, कारण त्या क्षणी तिला विरोध करावासाच वाटत नव्हता. ‘मग नाही का म्हणाली नाहीस?’ हा प्रश्न कोर्टात, नातेवाइकांत, बातम्यांखाली आपण हजारदा ऐकतो. कादंबरीने त्याला एका वस्तूचं रूप दिलं. न म्हटलेलं ‘नाही’ म्हणजे ‘हो’ नव्हे, हे समजवायला तो पेला पुरतो.

पुढे ‘सिल्व्हर बोर्न’मध्ये (२०१०) हाच प्रश्न घरात येतो. आता मर्सीने अ‍ॅडमला स्वतः होकार दिलेला आहे आणि ती कळपात सामील झाली आहे. सगळ्यांची मनं एका अदृश्य धाग्याने जोडलेली. ती आणि अ‍ॅडम एका संध्याकाळी बोलिंग खेळायला जातात, भांडण होतं, संध्याकाळ नासते. नंतर कळतं की कळपातले काही जण त्याच धाग्यातून तिच्या डोक्यात विचार ढकलत होते. जो राग तिला आपला वाटला तो त्यांचा होता. एकत्र कुटुंबात लग्न होऊन गेलेल्या माझ्या चुलत बहिणीला हा प्रसंग फोनवर सांगितला. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘यात जादू कुठली?’

मर्सीचा नैतिक पेच केवळ प्रेमापुरता नाही. ‘ब्लड बाउंड’मध्ये (२००७) आंद्रे नावाचा व्हॅम्पायर एका राक्षसाला मोकळं सोडतो, माणसं मरतात. व्हॅम्पायरांची प्रमुख मार्सिलिया त्याला शिक्षा करत नाही, कारण तो तिच्या उपयोगाचा आहे. मर्सी स्वतः जाऊन त्याला मारते. तो झोपेत असताना. इथे शौर्य नाही, आणि ती तसं भासवतही नाही. व्यवस्था आपल्या माणसाला पाठीशी घालते तेव्हा हाती काय उरतं, आणि ते केल्यावर आपण कोण होतो? तिचे लांडगे मित्र समजून घेतात, पण त्यामुळे ती हलकी होत नाही. तिने न विचारता कुणाचं तरी ठरवलं आहे, आणि तेही भल्यासाठी. अ‍ॅडमवर ज्या कारणासाठी ती चिडली त्याच्या जवळ तीच आता उभी आहे. पुस्तक हे बोलून दाखवत नाही. मला मात्र ते तिथे दिसतं.

जिथे मालिका कमी पडते

कळपात बाईचा दर्जा तिच्या जोडीदाराच्या दर्जावरून ठरतो, आणि एकटी बाई तळाशी. मर्सी यावर सतत टीका करते. पण तिला स्वतःला कळपात वजन येतं ते अ‍ॅडमची जोडीदार म्हणूनच. ब्रिग्जनी प्रश्न बरोबर पकडला आणि नायिकेपुरतं त्याचं उत्तर लग्नात शोधलं. बाकीच्या बायका तिथेच राहतात. मर्सीला मैत्रिणी जवळपास नाहीत. सुरुवातीच्या पुस्तकांतल्या बहुतेक मोठ्या बायका एकतर तिचा द्वेष करतात किंवा तिच्या पुरुषावर डोळा ठेवतात. ‘नाइट ब्रोकन’मधली (२०१४) अ‍ॅडमची पहिली बायको क्रिस्टी तर आमच्या संध्याकाळच्या सिरियलमध्ये थेट खपली असती. एका बाईला उंच दाखवायला बाकीच्यांना वाकवायची गरज लेखिकेला का पडावी?

आणि अ‍ॅडम. न विचारता केलेली त्याची जवळपास प्रत्येक कृती शेवटी योग्य ठरते, कारण गोष्टीत खरोखर राक्षस असतात. ही या प्रकाराचीच लबाडी आहे. धोका इतका खरा करायचा की संरक्षणावर प्रश्न विचारणारी बाई हट्टी वाटावी. पहिल्या सहा पुस्तकांपर्यंत, ‘रिव्हर मार्क्ड’मधल्या (२०११) त्यांच्या लग्नापर्यंत, ब्रिग्ज या लबाडीशी झगडतात. नंतर शत्रू मोठे होत जातात आणि झगडा लहान. मी पुढची पुस्तकं वाचली, पण चौकात बस सुटली की फोन बंद करू लागले.

मर्सीचे वडील ब्लॅकफीट जमातीतले. त्या वारशाचा मालिकेत जादूचं भांडार म्हणून जितका वापर होतो तितका माणसं म्हणून होत नाही. आपल्याकडे उद्या कुणी आदिवासी देवतांना घेऊन अशी मालिका लिहिली तर हा खड्डा आधीच दिसावा म्हणून नोंदवून ठेवते.

कारण अशी मालिका मला मराठीत हवी आहे. तिच्यात हडळ असो, मुंज्या असो, खंडोबाचा एखादा उनाड गण असो. पण मधली बाई जिवंत असू दे. तिला घराचा हप्ता असू दे, तळवड्यात की भोसरीत तिचं वर्कशॉप असू दे. तिला मैत्रिणी असू देत, आणि त्यांच्यातली एखादी मेलेली असली तरी चालेल. तिच्यावर प्रेम करणारा पुरुष शक्तिमान असेल तर त्याने निदान एकदा चुकीचं संरक्षण करावं, आणि गोष्टीने त्याला वाचवू नये.

मागच्या वर्षी दुसऱ्या एका साइटवर रात्रीचं कमिशनिंग निघालं. नव्या वरिष्ठ मॅडमनी विचारलं, ‘बारा रात्री आहेत. जमेल का?’ मी एक दिवस मागून घेतला. त्यांना वाटलं घरी विचारायचं असेल. घरी विचारायचं नव्हतं. संध्याकाळी मी बसमध्ये बसून नुसता विचार केला की मला भीती वाटते का (वाटत होती), आणि भीती असूनही जायचंय का. दुसऱ्या दिवशी मेलमध्ये तीन ओळी लिहिल्या. कॅब घरापर्यंत हवी, सोबत सुरक्षारक्षक हवा, अहवालात नाव हवं. आई त्या बाराही रात्री जागी होती. पहाटे मी आले की ती काही न बोलता चहा टाकायची.